भात पोटरीला आलंय, बांधाकडे बघा : पितृपक्षातला उंदीर-घूस बंदोबस्त

अनंत चतुर्दशी उलटली की मुरबाड, शहापूर, भिवंडी, कल्याण, अंबरनाथच्या शिवारात हळव्या, म्हणजे लवकर येणाऱ्या भाताच्या लोंब्या वाकू लागतात, मधल्या मुदतीचं निमगरवं निसवतं, म्हणजे त्याच्या लोंब्या बाहेर पडतात, आणि उशिरा येणारं गरवं पोटरीत असतं, म्हणजे लोंबी अजून पानाच्या आवरणातच असते. करपा आला का, तुडतुडे चढले का, हे आपण रोज बघतो. बांधाकडे मात्र विळा घेऊन खाचरात उतरेपर्यंत लक्ष जात नाही. तेव्हा खाचराच्या मधोमध पडलेला खळगा दिसतो. कडेचं भात उभं आणि आतली चुडं, म्हणजे भाताची ठोंबं, बुडापासून तिरकी कापलेली. तोवर लोंब्या बिळात गेलेल्या असतात आणि हातात करण्यासारखं काही राहत नाही.

म्हणून हे काम पितृपक्षात करायचं. भात पोटरीला आलं की मादीला सकस खाणं मिळतं आणि वीण वाढते. तिचा गाभण काळ जेमतेम तीन आठवड्यांचा, आणि एका वेताला सहा ते दहा पिल्लं. आता बांधावरची एक मादी धरली तर कापणीच्या वेळचं तिचं सगळं लेंढार टळतं. तीच मादी दिवाळीत धरली तर तिची पिल्लं आधीच शेजारच्या बांधावर संसार थाटून बसलेली असतात. दुसरं कारण काळोखाचं. चांदण्या रात्री घुबडाच्या धाकाने उंदीर उघड्यावर कमी फिरतो, वद्य पक्षात तो मोकाट असतो आणि सापळ्यात जास्त सापडतो. शिवाय परतीचा पाऊस अजून पडायचा असतो. त्यात विषाचं आमिष भिजून फुकट जातं. त्यामुळे हा पंधरवडा आधी सापळ्याचा, विषाचं नंतर पाहू.

आपल्या भाताचा खरा वैरी म्हणजे काळा शेतउंदीर. गावात त्याला सरसकट घूसच म्हणतात. आखूड तोंड, राठ केस, शेपटी अंगापेक्षा आखूड, आणि पिंजऱ्यात सापडला की गुरगुरतो. मोठी घूस गावठाण, गटारं, गोदामं आणि खाडीकाठी जास्त. मऊ केसांचा शेतउंदीर आणि चिमुकला शेतउंदीर हेही बांधात असतात, पण चुडं कापून बिळात साठा करण्यात काळ्याची बरोबरी कोणी करत नाही. लांब टोकदार नाकाची, उग्र वासाची चिचुंद्री पिंजऱ्यात सापडली तर तिला सोडून द्या. ती किडे खाते, भाताला हात लावत नाही.

सध्या मोबाईलवर जमिनीत खोचायच्या आवाज करणाऱ्या खुंट्या आणि मोल पकडायच्या कात्रीसारख्या चापांच्या जाहिराती फार दिसतात. मोल हा विलायती बागांमधला, जमिनीखाली बोगदे काढून गांडुळं खाणारा प्राणी. भारतात त्याचे भाऊबंद आहेत ते पूर्व हिमालयाच्या बाजूला, ठाणे जिल्ह्यात नाहीत. त्या खुंट्यांवर पैसे घालवू नका. त्या पैशात दहा-बारा चांगले चाप येतात.

बांधावरून सकाळी सकाळी चाला आणि उकीर बघा. बिळाच्या तोंडाशी बारीक भुगा झालेल्या ओलसर मातीचा ढीग पडलेला असतो. काळा शेतउंदीर बिळाचं तोंड आतून मातीने बुजवून घेतो, म्हणून भोक दिसलं नाही तरी ताजा उकीर दिसला की खाली कोणीतरी आहे असं समजा. शिळा उकीर पावसाने दबून त्यावर शेवाळ किंवा गवताची कोंबं आलेली असतात. मुठ्याचं, म्हणजे शेतातल्या खेकड्याचं, बीळ वेगळं. त्याच्या तोंडाशी चिखलाच्या गोळ्या, आत ओल आणि कडा गुळगुळीत. बीळ उघडं असेल आणि खात्री नसेल तर संध्याकाळी तोंड चिखलाने बंद करा आणि शेजारी काटकी खोचा. सकाळी जे उघडलेलं दिसेल तेच जागतं. सापळा लावायचा तो तिथेच.

बिळात हात घालू नका, पोरांना तर मुळीच घालू देऊ नका. उंदराच्या जुन्या बिळात नाग असतो, घोणस असते. धामण असेल तर तिचं नशीब आणि तुमचंही, कारण ती रोजची उंदरांवरच जगते. म्हशीच्या पायाला विळखा घालून दूध पिते ही गोष्ट साफ खोटी आहे. धामण मारणं वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, पण कायदा बाजूला ठेवला तरी ती मारणं म्हणजे फुकटचा राखणदार घालवणं. गव्हाणी घुबडाचंही तसंच. खाचराच्या कडेला बांबूचे इंग्रजी टी आकाराचे पक्षीथांबे माणसाच्या उंचीपेक्षा थोडे वर रोवा. ते रात्री येऊन बसतं.

चाप आणि पिंजरे दोन्ही चालतात. चाप स्वस्त पडतो आणि एका झटक्यात काम होतं. पिंजऱ्यात एकाच रात्री पाठोपाठ दोन-तीन सापडू शकतात. एकरी पंधरा-वीस चाप जमवा. एकट्याला जड जातील, चार जणांनी मिळून घ्या. उंदीर नव्या वस्तूला बिचकतो. पहिल्या दोन-तीन रात्री चाप न चढवता नुसतं आमिष लावून ठेवा, त्याला खाऊन जाऊ द्या. मग चढवा. आपल्याकडे सुकट किंवा भाजलेल्या बोंबलाच्या तुकड्याला तो चटकन येतो. भाजलेलं सुकं खोबरंही चांगलं. भात समोर उभं असताना भाताच्या दाण्याचं आमिष लावून उपयोग नाही.

चाप कुठे ठेवायचा ह्यावर अर्धं यश आहे. मोकळ्यावर ठेवू नका. उंदीर बांधाच्या अंगाला खेटून चालतो, त्याची वाट गवतात बोटभर दबलेली आणि गुळगुळीत दिसते. त्या वाटेला आडवा, आमिषाचं तोंड बांधाकडे करून चाप ठेवा आणि दोरीने खुंटीला बांधा, नाहीतर जखमी उंदीर किंवा मुंगूस तो ओढून नेईल. हळव्याच्या खाचराभोवती चाप दाट लावा. शिवारात सगळ्यात आधी दाणा तिथे भरतो, त्यामुळे चहूकडचे उंदीर तिथे गोळा होतात आणि हळवं कापलं की गरव्यात शिरतात. ते एका जागी जमलेले असतात, तेवढ्या दिवसांत त्यांना गाठायचं.

सकाळी उजाडायच्या आत फेरी मारा. पिंजऱ्यातला उंदीर पाण्यात बुडवून मारू नका. गोणपाटात घेऊन एका घावात संपवा. चिकट गोंदाचे पुठ्ठे शेतात वापरू नका. त्यात सरडे, बेडूक, पाखरं तडफडून मरतात आणि घूस बहुतेक वेळा निसटते. मेलेले उंदीर हाताने न उचलता गुडघाभर खोल खड्ड्यात पुरा.

आता जे सगळ्यात जीव तोडून सांगायचं आहे ते. हे एकट्याने होत नाही. तुमचा बांध साफ केला आणि शेजाऱ्याचा तसाच राहिला, तर आठ-पंधरा दिवसांत रिकाम्या बिळांत त्याच्याकडची बिऱ्हाडं येतात. वाडीतल्या, निदान एका ओढ्याच्या अल्याडच्या सगळ्या शेतकऱ्यांनी ठरवून एकाच दोन-तीन दिवसांत बांध बघावेत आणि एकाच रात्री चाप चढवावेत. शेताचा मालक मुंबईला किंवा ठाण्याला नोकरीला असेल तर त्याला फोन करा आणि त्याच्या बांधावरही चाप लावा. जमीन बिल्डरने घेऊन नुसती पडीक ठेवली असेल तर तिथेच घुशींचं माहेर असतं. शिळफाटा, दिवा, भिवंडीच्या गोदामपट्ट्यात हे फार जाणवतं. बांधकामाला जमीन उकरली की घुशी उरलेल्या दोन-चार भाजीच्या तुकड्यांवर तुटून पडतात. अशा ठिकाणी ग्रामपंचायतीच्या बैठकीत विषय घ्या आणि सहायक कृषी अधिकाऱ्यांना (पूर्वीचे कृषी सहायक) शिवारात बोलवा.

बिळं खणून उंदीर काढण्यात कातकरी बांधवांचा हात कोणी धरू शकत नाही. बिळाच्या वाटा कुठे फुटतात, पळवाट कुठे असते, हे त्यांना बांध बघून कळतं. पळवाट बंद करून, मडक्यातून धूर देऊन ते नेमका उंदीर काढतात आणि बिळातला लोंब्यांचा साठाही हाती लागतो. एका बिळात किलोच्या वर लोंब्या निघतात. त्यांना बोलवाल तर रोख मजुरी ठरवून बोलवा. साठ्यातला दाणा रिवाजाने खणणाऱ्याचा, तो त्यांनाच राहू द्या. आणि एक गोष्ट अजिबात विसरू नका. पकडलेला उंदीर त्यांच्याकडे खाल्ला जातो. शिवारात कुठेही विष टाकलं असेल तर वाडीवर आधी जाऊन सांगा, आणि त्या हंगामात त्या शिवारात खणायला बोलवू नका. ह्यात हयगय झाली तर माणसाच्या जिवावर बेतेल.

खणलेला बांध त्याच दिवशी माती ठोकून पुरा भरा. खाचरातल्या आडव्या बांधांची रुंदी शक्य तिथे फूटभराच्या आत ठेवा. अरुंद बांधात घुशीला घर करता येत नाही. उतारावरचे मोठे बांध पाणी आणि माती धरून असतात, त्यांना हात लावू नका, तिथे फक्त गवत कापा. खाडीकाठच्या खारजमिनीत तर बाहेरच्या बांधावर खणायचंच नाही. घुशीचं आणि खेकड्याचं एक बीळ आरपार झालं की उधाणाच्या भरतीला तिथूनच बांध फुटतो आणि खारं पाणी शिरलं की ते पीक तर जातंच, पुढचंही धोक्यात येतं. तिथे फक्त चाप आणि पिंजरे. सर्वपित्री अमावास्येच्या उधाणाआधी बाहेरचा बांध पूर्ण चालून बघा. ठाणे खाडीवर पाणपक्षी येतात, ती २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे. त्या बाजूला विष टाकू नका.

सापळ्यांनी भागलं नाही, जागती बिळं दाट राहिली, तरच विषाकडे वळा, तेही दोन-तीन दिवस कोरडी उघडीप मिळाली तर. झिंक फॉस्फाइडचं आमिष वजनाने करायचं : ९६ भाग तांदळाची कणी किंवा भरड, २ भाग गोडं तेल, २ भाग औषध. आधी दोन-तीन दिवस नुसती तेल लावलेली कणी जागत्या बिळांत घाला. उंदीर ती खायला लागला की मग विषारी आमिष, एका बिळात १० ग्रॅम, कागदाच्या पुडीत, खोल ढकलून, वरून माती. मिसळायचं ते काठीने, हातमोजे घालून, घराबाहेर आणि वाऱ्याकडे पाठ करून. ही मात्रा लगेच पुन्हा लागू पडत नाही, वाचलेले उंदीर त्या आमिषाला ओळखून टाळतात. उरलेल्यांसाठी ब्रोमॅडिओलोन ०.००५ टक्क्याच्या मेणवड्या बिळात टाका. त्यांनी उंदीर चार ते दहा दिवसांनी मरतो, म्हणून लागू पडलं नाही असं समजून दुप्पट टाकू नका. मेलेले उंदीर रोज शोधून पुरा, नाहीतर तेच घुबडाच्या, कुत्र्याच्या पोटात जातात. कोंबड्या त्या आठवड्यात कोंडून ठेवा.

ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या शेतकऱ्याने स्वतः वापरायच्या नाहीत. त्या फक्त प्रशिक्षित, परवानाधारक माणसाच्या हातच्या. फोरेट ह्या कीटकनाशकाचे दाणे भातात कालवून ठेवणारे अजून दिसतात. फोरेटवर २०२० अखेरपासून देशात बंदी आहे. शेताभोवती विजेची उघडी तार ओढणं तर सरळ माणूस मारणं आहे. विष पोटात गेल्याची नुसती शंका आली तरी घरगुती उपाय करत बसू नका. औषधाचं पाकीट सोबत घ्या, १०८ ला फोन करा आणि रुग्णालय गाठा. झिंक फॉस्फाइडवर उतारा नाही. ब्रोमॅडिओलोनवर व्हिटॅमिन के-१ आहे, पण तेही डॉक्टरांच्याच हातून.

उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस होतो. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत त्याची मोठी साथ आली होती. खाचरातलं साचलेलं पाणी आणि पायावरची चीर एवढं त्याला पुरतं. बांधावर काम करताना गमबूट आणि हातमोजे घाला, जखम असेल तर पाण्यात उतरू नका. ताप, पोटऱ्यांत कळा, डोळे लाल असं काही दिसलं तर अंगावर काढू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन आपण भातखाचरात काम करतो हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. हे कळल्यावर तपासणीची दिशा बदलते.

कापणी झाली की भारे खाचरात पडू देऊ नका. उडवी जमिनीवर न रचता दोन हात उंच माच्यावर रचा आणि भोवतीचं गवत छाटून टाका. कणगीपेक्षा पत्र्याची कोठी बरी. कणगीच ठेवायची असेल तर ती भिंतीपासून हातभर सुटी ठेवा, म्हणजे मागे बिऱ्हाड होत नाही. लहान उंदराला पेन्सिलीएवढी फट पुरते. माळ्याच्या जाळीचे डोळे त्याहून बारीक हवेत.

पुढे ओलीवर वाल, हरभरा टाकाल तेव्हा उगवणीचे पहिले आठ-दहा दिवस चाप बांधावरच ठेवा, कारण पेरलेला दाणा उकरून नेतात. कलिंगड, काकडी, भेंडीला ठिबक असेल तर मल्चिंगच्या कागदाखाली बिळं झाली का ते कागद उचलून बघा. उन्हाळ्यात पाण्यासाठी नळ्या कुरतडल्या जातात. बांधालगत पाण्याचं एखादं पसरट भांडं ठेवलं तर नळ्यांवरचा ताण थोडा कमी होतो. सापळ्यांची दुसरी फेरी आश्विन वद्य पक्षात, वसुबारसेच्या आधी, गरवं कापायला काढायच्या सुमाराला करा. काही अडलं तर किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा क्रमांक फुकट आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.