व्हेटर्नरीला जायचंय? आधी उतारा कुणाच्या नावावर आहे ते बघा

दर मे महिन्यात माझ्या दवाखान्याच्या बाकड्यावर कुणीतरी फाइल मांडीवर घेऊन बसलेलं असतं. बारावी झालेली मुलगी किंवा मुलगा, सोबत आई नाहीतर काका. "डॉक्टर, हिला जनावरांची डॉक्टर व्हायचंय. आता काय करायचं?" मी आधी मार्क विचारत नाही, उतारा कुणाच्या नावावर आहे ते विचारते. बहुतेक वेळा उत्तर येतं, "आजोबांच्या." आणि आजोबांना जाऊन दहा वर्षं झालेली असतात.

माझंही असंच झालं होतं. आम्ही खानापूर तालुक्यातले. घरात दोन म्हशी, एक बैलजोडी, भाताची शेती. कर्नाटकात पशुवैद्यकाच्या जागांमध्ये शेतकऱ्यांच्या मुलांसाठी वेगळा कोटा असतो आणि मी त्यात बसणार हे घरात सगळ्यांनी धरूनच चाललं होतं. जन्मभर नांगर धरलेल्या माणसाची मुलगी शेतकऱ्याची नाही तर कुणाची? खरं कागद तपासायच्या दिवशी जमीन आजोबांच्या नावावर निघाली. वारसा लावलेलाच नव्हता, उताऱ्यावर बाबांचं नाव कुठंच नाही. दाखला मिळाला नाही, कोटा गेला आणि माझं एक वर्ष गेलं. त्या रात्री बाबा गोठ्यात जाऊन बसले ते जेवायलाही आले नाहीत. तुमच्या घरात तशी रात्र येऊ नये म्हणून एवढं सविस्तर लिहितेय.

तेव्हा सुरुवात दहावीच्या सुट्टीतच करा. तलाठ्याकडून ताजा उतारा काढा आणि नाव वाचा. आजोबा किंवा पणजोबा असतील तर लगेच वारसा लावायला घ्या. हे काम आठवड्यात होत नाही. आत्या गोव्यात, काका पुण्यात, सगळ्यांच्या संमत्या गोळा कराव्या लागतात. कुणाच्या मनात वाटणीची जुनी अढी असली तर आणखी महिने जातात. घरातल्या मोठ्यांना स्पष्ट सांगा की हे वाटणीसाठी नाही, पोरीच्या शिक्षणासाठी आहे. आमच्याकडे आत्यानं हे कळल्यावर दुसऱ्याच दिवशी म्हापशाहून गाडी धरली.

मग नावं जुळवा. आपल्याकडे उतारा कन्नडात, मार्ककार्ड इंग्रजीत, आधार आणखी वेगळ्या स्पेलिंगचं. उताऱ्यावर परसू, आधारवर परशराम आणि मुलीच्या दहावीच्या कार्डावर परशुराम, असा एकच माणूस तीन नावांनी फिरत असतो. तपासणाऱ्याच्या दृष्टीनं ती तीन माणसं. आधार दुरुस्त करणं त्यातल्या त्यात सोपं, मार्ककार्ड दुरुस्त करणं सगळ्यात अवघड. म्हणून मार्ककार्डावर जसं आहे तसं बाकीचं करून घ्या.

जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला नाडकचेरीतून, म्हणजे महसूल खात्याच्या जवळच्या कचेरीतून काढा. त्यावर आरडीनं सुरू होणारा नंबर असतो आणि सीईटीचा, म्हणजे राज्याच्या प्रवेशपरीक्षेचा अर्ज भरताना तोच मागतात. कर्नाटकात मराठा समाज आरक्षणाच्या ३बी गटात येतो. महाराष्ट्रातल्या पाहुण्यांचं ऐकून भलताच रकाना भरणारी मुलं मी पाहिली आहेत. दाखल्याची मुदतही बघा, थोरल्या भावाच्या वेळचा जुना दाखला चालेल असं समजू नका.

ग्रामीण कोट्याचंही नीट समजून घ्या. पहिली ते दहावी अशी सगळी दहा वर्षं ग्रामीण भागातल्या शाळेत झालेली असावी लागतात. गावात सातवीपर्यंत शिकून हायस्कूलला खानापूर शहरात किंवा बेळगावात गेलेल्याला तो मिळत नाही, कारण शहरातली शाळा त्यात मोजत नाहीत. ज्यांना मिळतो त्यांनी शाळेचा अभ्यास दाखला घेऊन त्यावर बीईओंची, म्हणजे गटशिक्षणाधिकाऱ्यांची सही आणावी. आपल्या कितीतरी मराठी शाळांत आता पटावर मोजकी मुलं उरली आहेत. तुमचं नाव ज्या रजिस्टरात आहे ते रजिस्टर आणि ते सांभाळणारे गुरुजी जागेवर असतानाच हे काम उरकून घ्या.

आता सीमेवरच्या मुलांचा खास घोळ. दहावी झाली की पुष्कळ जण चंदगड, गडहिंग्लज किंवा कोल्हापूरला अकरावी-बारावी करतात. मराठी वातावरण, मामाचं घर, सगळं सोयीचं. कर्नाटकाच्या सर्वसाधारण नियमाप्रमाणे पहिली ते बारावीच्या दरम्यान किमान सात वर्षं राज्यात शिकलेलं असावं लागतं आणि दहावी किंवा बारावी यातली एक तरी परीक्षा कर्नाटकातून पास झालेली असावी लागते. इकडं दहावी केलेला त्यात बसतो. महाराष्ट्रात मात्र राज्याच्या कोट्यासाठी दहावी-बारावी तिकडची आणि अधिवासाचा दाखला मागतात. त्यामुळं बारावी तिकडं केली म्हणून आपोआप तिकडचा झालो असं होत नाही. सीमाभागातल्या ८६५ गावांमधल्या मराठी मुलांसाठी महाराष्ट्रात काही व्यावसायिक प्रवेशांत सोय ठेवलेली आहे. तुमचं गाव त्या यादीत असेल तर पशुवैद्यकाच्या त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत काय छापलंय ते स्वतः वाचा, गावातल्या कुणाच्या सांगण्यावर जाऊ नका. माझा सल्ला विचाराल तर पीयूसी, म्हणजे आपली अकरावी-बारावी, बेळगावातच करा. एक पाय इकडं, एक तिकडं ठेवून दोन्हीकडं धावायला वेळ पुरत नाही.

परीक्षांचं थोडक्यात सांगते, कारण हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि तरी चुकतं. कर्नाटकातल्या बहुतेक जागा केईएच्या, म्हणजे कर्नाटक परीक्षा प्राधिकरणाच्या सीईटीतून भरतात. पशुवैद्यकाचा रँक वेगळा लागतो. त्यात फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजीचे बारावीचे मार्क निम्मे आणि सीईटीचे निम्मे धरतात. म्हणजे बोर्डाची परीक्षा नुसती पास व्हायची परीक्षा नाही. १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्याच्या, त्या देशभराच्या नीट परीक्षेवरून भारतीय पशुवैद्यक परिषदेमार्फत भरतात. त्यासाठी परिषदेच्या साइटवर वेगळी नोंदणी करावी लागते. नीट दिली म्हणजे अर्ज झाला असं समजून गप्प बसलेली एक हुशार मुलगी मला माहीत आहे.

दोन्ही परीक्षांचा तोल वेगळा आहे. नीटमध्ये १८० पैकी ९० प्रश्न बायॉलॉजीचे. सीईटीत तिन्ही विषयांचे साठ-साठ, म्हणजे बायॉलॉजी एक तृतीयांशच. आपली मुलं "मला जीवशास्त्र आवडतं" म्हणत फिजिक्स बाजूला ठेवतात आणि रँक तिथंच घसरतो. नीटमध्ये चुकीच्या उत्तराला एक मार्क कापतात, सीईटीत कापत नाहीत. त्यामुळं सीईटीत एकही गोल रिकामा सोडायचा नाही.

माध्यमाचंही आहे. नीटचा पेपर मराठीत मिळतो, खरं महाराष्ट्रातल्या केंद्रांवर. सीईटी इंग्रजी आणि कन्नडात. दहावीपर्यंत मराठीत शिकून पीयूसीला एकदम इंग्रजी आलं की पहिले तीन महिने रडू येतं. मलाही आलं होतं. त्या तीन महिन्यांत सोडू नका, शब्द अंगवळणी पडतात.

मला सगळ्यात जास्त जीव लावून सांगायचंय ते गोठ्याबद्दल. शेतकरी कोट्यातून जाणाऱ्यांना प्रात्यक्षिक परीक्षा द्यावी लागते. ती आपल्या मुलांच्या हक्काची जागा आहे आणि तिथंच आपण मार्क घालवतो. हाताला सगळं येतं, तोंडाला नाव येत नाही. मराठीत येतं, कन्नड-इंग्रजीत नाही.

वाया गेलेल्या त्या वर्षात मी एक वही केली होती. प्रत्येक पानावर तीन रकाने. घटसर्प, गळले रोग, हिमोरेजिक सेप्टिसिमिया. फऱ्या, चप्पे रोग, ब्लॅक क्वार्टर. लाळ्या-खुरकूत, कालुबायी, फूट अँड माउथ. कासेची सूज, केच्चलु बावु, मस्टायटिस. मग चारा आणि खाद्य: सरकीची पेंड, शेंगदाण्याची पेंड, मक्याचा भरडा, कडबा, नेपियर, लसूणघास. प्रत्येकाची चिमूटभर पुडी करून वहीला चिकटवली होती. डोळे मिटून पेंड बोटांत चुरगाळायची, वास घ्यायचा आणि तिन्ही भाषांत नाव सांगायचं. धाकटा भाऊ परीक्षक व्हायचा. तुमच्या भागात ऊस असेल तर वाड्याचं, म्हणजे उसाच्या शेंड्याच्या हिरव्या पाल्याचं, एक पान वेगळं करा: त्यात ऑक्झलेट जास्त असतं, नुसत्या वाड्यावर ठेवलेल्या जनावराला कॅल्शियम कमी पडतं, म्हणून चुन्याची निवळी शिंपडायला सांगतात. असं कारणासकट सांगणारी मुलं उठून दिसतात.

जातीही तशाच शिका, चित्रावरून नको. पंढरपुरी म्हैस बघायला बाजारात जा. तिची शिंगं खांद्यांच्याही मागं तलवारीसारखी गेलेली असतात, मुऱ्हाची मात्र गच्च वळलेली. खिल्लार, देवणी आणि कृष्णाकाठची गाय यांच्यातला फरक कपाळ, शिंग आणि रंग बघून सांगता आला पाहिजे.

आणि दात. आमच्या शेजारच्या आप्पांनी मला शिकवलं तसं सांगते. जनावराच्या समोरून यायचं नाही, बाजूनं यायचं. डावा हात नाकाशी, उजव्या हाताची बोटं ओठाच्या कोपऱ्यातून आत घालायची, तिथं दात नसतात. खालचा ओठ ओढला की समोरचे दात दिसतात. वर समोर दात नसतातच, तिथं कठीण हिरडी असते. पहिल्यांदा बघणारं पोर वरचे दात पडले म्हणून घाबरतं. मधली दुधाच्या दातांची जोडी पडून मोठे दोन आले की जनावर दोन दाती, वय साधारण दोन वर्षं. मग चार दाती, सहा दाती, आणि आठही आले की जुळलेलं. आप्पा म्हणायचे, दात मोज, मग कडा बघ. कडा झिजलेल्या असतील तर विकणाऱ्यानं सांगितलेलं वय सोडून दे. परीक्षेत मला हेच विचारलं. त्या खोलीत उभी होते आणि बोटांना आप्पांच्या बैलाची गरम लाळ आठवत होती.

गावात लाळ्या-खुरकूतची लस द्यायला पथक येतं तेव्हा शाळा सुटल्यावर त्यांच्याबरोबर फिरा. जनावर धरायला माणूस कुणालाही हवा असतो. बर्फाची पेटी का लागते, लस कुठं टोचतात, गाभण म्हशीला कसं धरतात, हे सगळं फुकट शिकायला मिळतं. रात्री घरी येऊन वहीत तारखेसकट लिहा. गाईचा गाभणकाळ सुमारे २८० दिवस, म्हशीचा ३१०, शेळीचा १५०, माज दर २१ दिवसांनी. आपल्याच गोठ्यातली भरवल्याची तारीख लिहून ठेवा आणि व्यायल्यावर मोजा. मग आकडा विसरायला होत नाही.

घरी जनावर नसेल तरी लाजू नका. शेजारच्याकडं जा. शेण काढू लागा, कुणी नाही म्हणत नाही.

एक गोष्ट मनापासून सांगते. मेडिकल हुकलं म्हणून इकडं यायचं असेल तर एकदा रात्री दोन वाजता अडलेल्या म्हशीपाशी उभं राहून बघा. अभ्यासक्रम साडेपाच वर्षांचा आहे, शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं. शेतकऱ्याचं वर्षभराचं दूध तुमच्या हातात असतं आणि खांद्यापर्यंत हात आत घालावा लागतो. ज्याला त्या क्षणी किळस नाही तर काळजी वाटते, त्यानं नक्की यावं.

रँक लागला की पर्याय भरताना घाई नको. विद्यापीठ बीदरचं, आणि कॉलेजं बेंगळूर-हेब्बाळ, बीदर, शिमोगा, हासन, गदग इथं आहेत. आपल्या जिल्ह्यात अथणीलाही आहे. बीदर राज्यघटनेच्या ३७१ जे कलमाखाली येतं, तिथल्या बहुसंख्य जागा त्या भागातल्या मुलांसाठी राखीव असतात. बेळगाव जिल्हा त्यात नाही. म्हणून केवळ नावावरून बीदर वर टाकून बसू नका. सगळी कॉलेजं यादीत टाका, एकही वगळू नका. मॉक यादी लागली की घाबरून क्रम उलटापालटा करू नका. ती अंदाजासाठी असते. पोर्टलचा पासवर्ड सायबर कॅफेवाल्याकडं ठेवू नका, स्वतःच्या वहीत लिहा. मूळ कागद एका फाइलमध्ये आणि प्रत्येकाच्या चार झेरॉक्स दुसऱ्या फाइलमध्ये ठेवा.

कन्नड बोलायला आजपासून लागा. वर्गात इंग्रजी चालतं, खरं हासनच्या शेतकऱ्याची गाय आजारी पडली तर तो कन्नडातच सांगणार. एस्टीत शेजारी बसलेल्या आजीशी दोन वाक्यं बोला. चुकली तरी त्या दुरुस्त करतात आणि वर शेंगा देतात.

आणि गमबूट बेळगावातूनच घेऊन जा. हेब्बाळला पहिल्या आठवड्यात मला माझ्या मापाचे मिळाले नव्हते. दोन आठवडे मी भावाचे, दोन नंबर मोठे बूट घालून, आत जुने मोजे कोंबून फार्मवर जात होते.