काणकोणला गाडी न घेता जाताय? आधी गाडीची वेळ बघा

मावसबहीण विचारत होती, तुम्ही म्हापशाहून गोव्याच्या पार दक्षिणेला काणकोणला स्वतःची गाडी न घेता गेलात ते कसे, काय काय लागतं. म्हणून लिहितोय. जाताना मस्त गेलो. येताना माती खाल्ली.

तर कपडे, ब्रश, चार्जर वगैरे सगळ्याच्या आधी परतीच्या ट्रेनची वेळ. कोकण रेल्वेची वर्षात दोन वेळापत्रकं असतात, पावसाळी आणि बिगर-पावसाळी. पावसात दरडी कोसळायची भीती म्हणून गाड्या हळू सोडतात, जोराचा पाऊस लागला तर ताशी 40 वर आणतात, म्हणून वेळा बदलतात आणि पावसाळा सरला की परत बदलतात. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही! 10 जून ते 31 ऑक्टोबर हे डोक्यात वर्षानुवर्षं पक्कं बसलेलं. पण 2025 ला ते 15 जून ते 20 ऑक्टोबर झालं, आणि मी निघालो 25 ऑक्टोबरच्या शनिवारी, मोबाईलमध्ये ऑगस्टमधला स्क्रीनशॉट घेऊन. रविवारी काणकोण स्टेशनवर वीस मिनिटं आधी ऐटीत पोचलो तर प्लॅटफॉर्मवर एक कुत्रं झोपलेलं आणि शेंगदाण्याची टरफलं. थिवीची, म्हणजे म्हापशाजवळच्या स्टेशनची, ट्रेन केव्हाच गेलेली. भरवशाच्या म्हशीला टोणगा.

मग चावडीला, म्हणजे काणकोणच्या बाजारात, येऊन बसने उभ्याने मडगाव, तिथून पणजी, आणि पणजीत म्हापशाची बस संपलेली, भावजींना फोन. बिनगाडीच्या ट्रिपचा शेवट भावजींच्या गाडीत, आणि ते पूर्ण रस्ताभर काही बोलले नाहीत, हसत होते फक्त. तेव्हा जुना स्क्रीनशॉट आत्ताच्या आत्ता डिलीट करा, निघायच्या आदल्या रात्री वेळ नव्याने बघा.

जायचं कसं तर म्हापसा ते पणजी आणि पणजी ते मडगाव कदंबची, म्हणजे गोव्याच्या सरकारी बसची, शटल. शटलमध्ये कंडक्टर नसतो, तिकीट आधी खिडकीवर काढायचं, हे बाहेरच्या पाहुण्यांना सांगून ठेवा नाहीतर ते थेट दारात जाऊन उभे राहतात. मडगावहून पुढे ट्रेन पकडायची तर तिथं कदंब स्टँड आणि रेल्वे स्टेशन शेजारी-शेजारी नाहीत, मध्ये गाव आहे, रिक्षाला वेळ धरा. काणकोणची बस करमल घाटातून जाते, पोरांना उलटीची गोळी आधी द्या, घाटात शिरल्यावर नाही. पुढची सीट पकडा. सुटे पैसे, दहा-वीसच्या नोटा, पुष्कळ घ्या, पाचशेची काढली की प्रायव्हेट बसचा कंडक्टर बघतो ते बघणं नको वाटतं.

बॅग एकच, पाठीवरची. चाकांची बॅग घेऊन येणाऱ्याबरोबर मी जाणार नाही, बसमध्ये ती पायात येते आणि पाळोळेच्या किनाऱ्यावर वाळूत चाकं काय करणार? छत्री पाहिजेच, दिवाळी झाली म्हणून पाऊस गेला असं समजू नका, आणि दुपारी ऑक्टोबरचं ऊन म्हणजे विचारू नका, म्हणजे छत्री दोन्हीकडून वसूल. टॉर्च. पाण्याची बाटली.

राहायची खोली पाळोळेला बघत असाल तर फोन करून स्पष्ट विचारा की खोली उभी झाली आहे का. किनाऱ्यावरच्या झोपड्या पावसाळ्याआधी मोडून ठेवतात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात परत बांधतात, आमच्या शेजारच्या झोपडीला दार लागत होतं, सकाळी सातपासून हातोडा. चुलतभावाने तर खिळेही मोजले म्हणे. शांतता हवी असेल तर चावडीत राहा, समुद्र दोन-तीन किलोमीटरवर, चालता येतं.

फिरायला ओला-उबर शोधू नका, गोव्यात नाही. पायलट घ्या, म्हणजे पिवळ्या मडगार्डची भाड्याची मोटरसायकल, चालवणाऱ्यासकट, पैसे बसायच्या आधी ठरवा, उतरल्यावर नाही. दोघांना दोन पायलट लागतात हे बायकोला आधी सांगा. श्रीस्थळच्या मल्लिकार्जुनाला जायचं तर पूर्ण कपडे घाला, हाफ पँट नको. पर्तगाळी मठात नोव्हेंबर 2025 पासून श्रीरामाचा 77 फुटी पुतळा उभा आहे, आमच्या खेपेला नव्हता, तेवढ्यासाठी परत जाणार आहे, या वेळी वेळ बघून. गालजीबागच्या किनाऱ्यावर कासवांसाठी ऑक्टोबरात जाऊ नका, ती थंडीत येतात.

जेवण दुपारी एकच्या आत उरका, नंतर चावडीत बरीच दुकानं झोपतात, चारपर्यंत बिस्किटांवर राहावं लागेल. खोला गावची मिरची दिसली तर घ्या, जीआय मानांकन मिळालेली आहे, आणि पिशवी वेगळी, नाहीतर कपडे शिंकायला लावतात.

रविवारी बस कमी असतात, म्हणून ट्रेन चुकली तर बस आहेच की, असं मनात म्हणू नका. मी म्हटलं होतं. ट्रेनची वेळ सकाळी उठल्यावर परत एकदा, खोली सोडताना परत एकदा, आणि अर्धा तास आधी स्टेशन. काही प्रश्न असला तर भावजींना विचारा, ते खूश होऊन सांगतील.

ओले कपडे घरी आल्यावर लगेच काढा, मी बुधवारी काढले.