पुण्याचं घर ठेवून मॉरिशसला राहायला जाताना: अर्धनिवृत्त जोडप्यासाठी तयारीचा क्रम

साठीच्या आसपासचं जोडपं. एकजण निवृत्त, दुसऱ्याचं सल्लागाराचं काम लॅपटॉपवर चालू. मुलं मार्गी लागलेली, आणि पुढची वर्षं समुद्राजवळ काढायची दोघांनाही हौस. अशा पुणेकरांनी मॉरिशसचा विचार जरूर करावा. मुंबईहून थेट विमान आहे. घड्याळ आपल्यापेक्षा दीडच तास मागे, त्यामुळे इथल्या लोकांची कामं अडत नाहीत. इंग्रजीवर भागतं. एकोणिसाव्या शतकात गेलेल्या मराठी माणसांचे वंशज तिथे आहेत आणि गणेशचतुर्थीला सरकारी सुट्टी असते. तयारीसाठी वर्षभर तरी हाताशी ठेवा. एक गोष्ट मात्र आधीच ठरवून टाका: पहिली दोन वर्षं पुण्यातलं घर विकायचं नाही आणि तिथे घर घ्यायचं नाही.

आधी काम, मग परवाना

पैसा कुठून येणार आणि काम कोणासाठी करणार, यावर परवाना ठरतो. पन्नाशी ओलांडलेल्यांसाठी निवृत्तांचा निवास परवाना आहे. त्यासाठी दरमहा ठरावीक डॉलर परदेशातून तिथल्या बँकेत यावे लागतात, आणि त्यावर तिथे नोकरी करता येत नाही. काम चालू ठेवायचं असेल आणि सगळे ग्राहक मॉरिशसबाहेरचे असतील, तर प्रीमियम व्हिसा सोयीचा. तो वर्षभराचा असतो आणि वाढवून मिळतो. माझ्या मते पहिल्या वर्षी हाच घ्यावा. जमलं तर पुढे निवृत्तांचा परवाना. रकमेच्या अटी बदलत असतात, म्हणून अर्जाच्या आठवड्यात तिथल्या इकॉनॉमिक डेव्हलपमेंट बोर्डाच्या संकेतस्थळावरचा आकडाच खरा धरा.

उन्हाळ्यात जाऊन बघा

बहुतेक जण जुलैत जातात, छान गार हवा अनुभवतात आणि निर्णय घेऊन टाकतात. तसं करू नका. तिथला उन्हाळा नोव्हेंबर ते एप्रिल, आणि चक्रीवादळांचा मोसमही तोच. फेब्रुवारीत महिनाभर भाड्याच्या घरात राहा. हॉटेलात नको. भाजी आणा, स्वयंपाक करा, बसने फिरा. पुण्याच्या कोरड्या हवेची सवय असलेल्यांना दमटपणाचा खरा त्रास तेव्हाच कळतो: कपाटात बुरशी, मिठाला पाणी सुटणं, दम्याच्या तक्रारी. राजधानी पोर्ट लुई चांगलीच तापते. उत्तर आणि पश्चिम किनारा कोरडा, पूर्वेला वारा जास्त. क्युरपीप उंचावर असल्याने थंड आणि पावसाळी. पोर्ट लुई ते क्युरपीप मेट्रो धावते, तेव्हा गाडी चालवायचा कंटाळा असलेल्यांनी त्या पट्ट्यातली घरंही बघावीत.

परतल्यावर दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर लिहा: इथलं काय सोडवत नाही? एकाला सकाळची टेकडी आणि कट्टा, दुसऱ्याला भिशी, गाण्याचा क्लास किंवा वयस्कर आई. एकाच्या हौसेपायी दुसऱ्याने मुकाट्याने निघू नये. हे बोलणं मुलांसमोर नको, आधी दोघांतच व्हावं.

कागदपत्रांना सगळ्यात जास्त वेळ लागतो

आपल्याकडे घोळ नावांचा. बाईंच्या पदवीवर वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव, पासपोर्टवर नवऱ्याचं नाव, आधारवर इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक ‘ए’ जास्त. सगळे कागद टेबलावर पसरून प्रत्येकावरचं नाव अक्षर न अक्षर ताडून बघा आणि पासपोर्टप्रमाणे बाकीचे दुरुस्त करून घ्या. लागलं तर राजपत्रात नावबदल. जुन्या लग्नांची नोंदणी अनेकदा झालेलीच नसते. ती आधी करा, कारण जोडीदाराच्या परवान्यासाठी विवाह प्रमाणपत्र लागतं. त्यावर आधी राज्य सरकारची साक्षांकनाची मोहर आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल (कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून लागणारं प्रमाणपत्र) घ्या. पोलीस क्लिअरन्स पासपोर्ट सेवा केंद्रातून मिळतो, पण तो शेवटी काढा, लवकर काढला तर शिळा होतो.

पैसे आणि कर

दीर्घ मुक्कामासाठी गेल्यावर साधं बचत खातं एनआरओ (अनिवासी भारतीयांचं भारतातलं रुपयांतलं खातं) करून घ्यावं लागतं. आधीचं पीपीएफ मुदतीपर्यंत चालतं, पुढे वाढवता येत नाही. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत अनिवासी झाल्यावर नवं खातं उघडता येत नाही. करासाठी भारतातले दिवस मोजले जातात: वर्षात इथे १८२ किंवा जास्त दिवस राहिलात तर तुम्ही इथले करनिवासी, म्हणजे करापुरते इथले रहिवासी, पण इथलं उत्पन्न १५ लाखांवर असेल तर १२० दिवसांचा नियमही लागू होऊ शकतो. तिकडे वर्षात १८३ दिवस राहिलात की तुम्ही तिथले करनिवासी. दोन्ही देशांचे नियम कळणाऱ्या सीएची फी इथे वाचवू नका.

भारतातला मोबाईल नंबर चालू ठेवा, रोमिंगसह. बँकेचा ओटीपी त्यावरच येतो.

पुण्यातलं घर

भाड्याने दिलंत तर तीन गोष्टी बदलतात. महापालिकेच्या मिळकतकरातली स्वतः राहणाऱ्यांची ४० टक्के सवलत जाते. सोसायटी सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंत बिगरभोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नसल्याबद्दलचं) लावू शकते. आणि मालक अनिवासी असला की भाडेकरूने भाड्यातून ३० टक्के टीडीएस व वर उपकर कापायचा असतो. हे करारातच लिहा. सोसायटीच्या सभा, गळती, दुरुस्ती यांसाठी जवळच्या माणसाला नोंदणीकृत कुलमुखत्यारपत्र द्या, पण विक्रीचा अधिकार त्यात घालू नका.

औषधं आणि विमा

इथली मेडिक्लेम पॉलिसी बहुतेक भारतापुरतीच असते, तरी बंद करू नका. परत आल्यावर नव्याने घेतली तर जुन्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. तिकडच्यासाठी वेगळा आरोग्य विमा घ्या. डॉक्टरांकडून चिठ्ठी घेताना औषधाचं मूळ नाव लिहून घ्या, ब्रँड तिथे वेगळे असतात. झोपेच्या गोळ्या किंवा ट्रॅमॅडॉलसारखी तीव्र वेदनाशामकं चालू असतील, तर तिथल्या आरोग्य मंत्रालयाची परवानगी निघण्याआधीच हातात हवी. विमानतळावर समजूत घालून भागत नाही.