कानाझावाला शिकायला येताय? भूकंप, गॅसचा मीटर आणि फुटलेली बरणी

1 जानेवारी 2024, दुपारचे 4 वाजून 10 मिनिटं. इशिकावात (जपानमधला प्रांत, कानाझावा त्याचं मुख्य शहर) तेव्हा जे होते ते ही वेळ विसरत नाहीत. माझं पीएचडीचं दुसरं वर्ष, सुट्टी, गॅसवर वरण आणि मी कोतात्सूत (खाली हीटर लावलेलं बुटकं टेबल, थंडीत त्यातून कोणी उठत नाही) पाय घालून लोळत होते. आधी फोन ठणाणा ओरडला, मग खोली डावीउजवीकडे सरकायला लागली आणि थांबेचना. शेल्फवरून आजीची लोणच्याची बरणी पडली, जी मी साताऱ्याहून टॉवेलात गुंडाळून, केबिन बॅगेत मांडीवर घेऊन आणली होती. तातामीवर (जमिनीवरची जाड गवती चटई) तेल, खार, लिंबाच्या फोडी, सगळीकडे मोहरीचा वास.

आता नव्यांसाठी कामाचं. बातम्यांत 7.6 आकडा येतो ती मॅग्निट्यूड, म्हणजे भूकंप झाला तिथला एकूण जोर, आणि ती जागा इशिकावाच्या उत्तरेकडच्या नोतो द्वीपकल्पात. तुम्ही उभे आहात तिथे किती हललं ते शिन्दो, त्याची सगळ्यात वरची पायरी 7. नोतोतल्या वाजिमा आणि शिका इथे 7 होता, कानाझावात 5 अपर (5 चे लोअर आणि अपर असे दोन भाग असतात). घरच्यांना हा फरक येण्याआधीच समजावून ठेवा, नाहीतर माझ्या बाबांसारखं होईल, टीव्हीवर आकडा बघून 23 मिस्ड कॉल.

त्या रात्री मला वाटलं गॅसची लाइन तुटली. तसं काही नव्हतं, साधारण शिन्दो 5 च्या वर मीटर आपोआप गॅस बंद करतो. वास येत नाहीये ना ते बघायचं, शेगडी-गीझर सगळं बंद करायचं, बाहेरच्या मीटरवरचं बटण दाबून सोडायचं आणि 3 मिनिटं कशालाही हात लावायचा नाही, लाल दिवा लुकलुकायचा थांबला की झालं. हे मला माहीत नव्हतं म्हणून मी दोन दिवस थंडगार पाण्यानं तोंड धुतलं, जानेवारीत! बाकी चपला पलंगाशेजारी ठेवा (काचा), कपाटं भिंतीला ब्रॅकेटनी अडकवा आणि खोली घ्यायच्या आधी त्या भागाचा हझार्ड मॅप (कुठे कसला धोका आहे ते दाखवणारा नकाशा) बघा. एजंट बघायला सांगेलच, पण तो बोलत असताना आपलं लक्ष भाड्याकडे असतं. शेजारच्या उचिनादात वाळूची जमीन अक्षरशः पातळ झाली, रस्ते आणि घरं तिरकी झाली. कानाझावातच तागामीकडे उतार खचून घरं गेली. माझ्या गल्लीत मात्र एक कुंडीसुद्धा पडली नव्हती.

बरणीचे तुकडे कॅरीबॅगमधे तसेच पडून होते कारण फुटक्या भांड्यांचा कचरा कधी द्यायचा तेच मला कळत नव्हतं. खालच्या मजल्यावरच्या आजींनी पिशवी बघितली आणि टाकू नको म्हणाल्या. पुढच्या शनिवारी मला त्यांच्या किन्त्सुगीच्या (फुटकं भांडं जोडून सांध्यावर सोन्याची रेष काढायची जपानी कला) क्लासला घेऊन गेल्या.

इंटरनेटवर किन्त्सुगीबद्दल फार गोड गोड लिहिलेलं असतं, प्रत्यक्षात ते चिकट आणि प्रचंड हळू काम आहे. उरुशी म्हणजे झाडाचा चीक, तो कणकेत मळून डिंक करायचा (हो, साधी कणीक, ते बघून मला पहिल्यांदा घरच्यासारखं वाटलं), कडांना लावून तुकडे जोडायचे, चिकटपट्टीनं बांधून ओलसर खोक्यात ठेवायचे. उरुशीला वाळायला दमट हवा लागते, 70-80 टक्के. म्हणजे आपले पापड ज्या हवेत वाळत नाहीत नेमक्या त्या हवेत ही घट्ट होते. कानाझावात म्हणच आहे, डबा विसरलास तरी चालेल, छत्री विसरू नकोस, त्यामुळे हवेची अडचण नाही. मग खाचा बुजवा, पॉलिश पेपरनं घासा, पुन्हा थर, पुन्हा खोकं, शेवटी ओल्या रेषेवर सोन्याची पूड. जपानातला जवळपास सगळा सोन्याचा वर्ख या गावात बनतो म्हणून पूड स्वस्त मिळेल असं मला वाटलं होतं. मिळत नाही. मी पितळेची घेतली.

ग्लोव्ह्ज घालाच. मी एकदा नाही घातले, दोन दिवसांनी मनगटापासून कोपरापर्यंत पुरळ आणि खाज. आईनं व्हिडिओ कॉलवर बघितलं आणि म्हणाली, "अगं, हा तर बिब्बा उतलाय." गंमत म्हणजे ते खरंच जवळचं आहे, उरुशी, बिब्बा, आंबा, काजू सगळे एकाच कुळातले. आई म्हणाली खोबरेल लाव, तर क्लासमधेही उरुशी हाताला लागली की आधी खायच्या तेलानं पुसून मगच साबण लावतात, पण ते लगेच करायचं असतं आणि मला उशीर झाला होता. शेवटी स्किनच्या डॉक्टरकडे जाऊन मलम आणलं.

क्लासमधे वाजिमाहून आलेल्या एक काकू होत्या. तिथला सकाळचा बाजार भूकंपानंतरच्या आगीत गेला हे सगळ्यांना माहीत होतं, त्यांना कोणी विचारलं नाही, त्याही बोलल्या नाहीत. वाजिमाच्या लाकडी भांड्यांवर उरुशीच्या खालच्या थरात तिथलीच भाजलेली माती मिसळतात, म्हणून ती टणक होतात, एवढं मात्र त्यांनी मला दोनदा समजावलं, आणि माझं मिश्रण बोटानं उचलून "पातळ" म्हणून परत घोटायला लावलं. दोन वर्षांच्या भाषेच्या क्लासमधे शिकले नव्हते एवढी जपानी मी त्या टेबलावर शिकले, कारण हात गुंतलेले असले की चुकायची लाज वाटत नाही. लॅबमधे मी अजूनही इंग्रजीतच बोलते, ते सोडा.

एप्रिलमधे बरणी पूर्ण झाली. आतून एक केसाएवढी चीर राहिलीये, आणि पितळ असल्यामुळे शिक्षिका म्हणाल्या आंबट-खारट यात नको. आईला हे अजून सांगितलेलं नाही. बरणी आता खालच्या फळीवर जेलपॅडवर उभी असते, आत टॉर्च, सेल आणि एक शिट्टी.