कोकणच्या उकाड्यात आल्याची बिअर

महाराष्ट्रात परवान्याशिवाय बिअर तयार करणे हा 1949च्या दारूबंदी अधिनियमानुसार गुन्हा आहे. त्यामुळे रत्नागिरी-सिंधुदुर्गात ज्यांना आंबवण्याच्या शास्त्राची हौस आहे, त्यांनी नेहमीच्या बिअरला लागणाऱ्या बार्ली आणि हॉप्स (कडवट चव देणारी फुले) यांच्या मागे न लागता आल्याच्या बिअरवर हात बसवावा. हिच्यातही यीस्ट साखर खाऊन कार्बन डायऑक्साइड आणि थोडा मद्यार्क तयार करते. मात्र वायू भरताच बाटली फ्रिजमध्ये गेली, तर मद्यार्काचे प्रमाण साधारणतः एका टक्क्याच्या आत राहते. तरीही हे पेय लहान मुलांना देऊ नये.

प्रथम विरजण तयार करावे. नळाच्या पाण्यातील क्लोरिन यीस्टला मारक ठरते, म्हणून पाणी, मग ते विहिरीचे असले तरी, उकळून पूर्ण गार करावे. अशा दोन पेले पाण्यात सालीसकट किसलेले आले आणि साखर प्रत्येकी एक मोठा चमचा घालून बरणीच्या तोंडाला सुती फडके घट्ट बांधावे. यीस्ट आल्याच्या सालीवरच असते, त्यामुळे साल काढू नये. रोज तितकेच आले आणि साखर घालून ढवळत राहावे. परदेशी कृतींत यासाठी आठवडाभर सांगतात, परंतु ते थंड स्वयंपाकघराचे गणित आहे. आपल्याकडे मे महिन्यात दोन-तीन दिवसांतच कीस वर तरंगू लागतो, ढवळताच बरणीतून बारीक सरसर ऐकू येते आणि वास आंबटसर, तिखट होतो. पावसाळ्यात मात्र बुरशीचे भय मोठे असते; हिरवी, काळी किंवा गुलाबी लव दिसली, तर वरचा थर काढून भागत नाही, सगळे टाकून द्यावे. फडके सैल राहिल्यास चिलटे आत शिरतात आणि त्यांच्यासोबत आलेले जिवाणू पेयाचा व्हिनेगर करतात.

मग दोन लिटर पाण्यात 100 ग्रॅम ठेचलेले आले आणि 200 ग्रॅम साखर घालून दहा मिनिटे उकळावे, गाळावे आणि भांड्याला हात लावल्यावर ऊब जाणवेनाशी होईपर्यंत थांबावे, कारण गरम पाकात यीस्ट मरते. त्यानंतर एका लिंबाचा रस आणि अर्धी वाटी गाळलेले विरजण मिसळावे.

बाटली शीतपेयाची, प्लास्टिकचीच घ्यावी आणि वर चार बोटे जागा सोडावी. काचेची बाटली दिसायला देखणी असली, तरी ती वायूच्या दाबाने फुटते आणि फुटण्याआधी कसलीही सूचना देत नाही. प्लास्टिकची बाटली दाबून पाहता येते: सकाळी मऊ लागणारी बाटली उन्हाळ्यात कधी कधी त्याच रात्री दगडासारखी टणक होते, आणि तीच फ्रिजमध्ये ठेवण्याची वेळ. हिवाळ्यात याला दोन दिवसही लागतात. पावसाळ्यात वीज बराच वेळ गेली, की फ्रिजमधल्या बाटल्यांनाही पुन्हा जोर चढतो. तेव्हा झाकण किंचित सैल करून वायू सोडावा.

हौस पुढे न्यायची असेल, तर हायड्रोमीटर, म्हणजे द्रव पाण्यापेक्षा (1.000) किती जड आहे हे दाखवणारी तरंगती नळी, घ्यावा. वरील पाकाचे पहिले माप सुमारे 1.036 येते. फ्रिजमध्ये ठेवताना वायू काढून आणि पेय खोलीच्या तापमानाला आणून पुन्हा मोजावे. दोन मापांतील फरकाला 131ने गुणले, की मद्यार्काची अंदाजे टक्केवारी मिळते. फरक 0.005 असेल, तर ती 0.65च्या आसपास येते.

प्रयोग करताना एकच पाक तीन बाटल्यांत वाटून एका वेळी एकच गोष्ट बदलावी, अन्यथा चव कशामुळे पालटली हे कळत नाही. आमच्याकडे साहजिकच पहिला मोह कोकमाचा होतो. त्यासाठी बिनमिठाची सुकी कोकमे पाकातच उकळून घ्यावीत. आगळात, म्हणजे कोकमाच्या खारवलेल्या रसात, भरपूर मीठ असते आणि मिठाने यीस्ट मंदावते. अमृत कोकम, म्हणजे कोकमाचा साखरपाक, वापरायचे, तर त्यातील साखर हिशेबात धरून पाकातील साखर कमी करावी, आणि ते घरचेच असावे. विकतच्या सरबतात टिकवण्यासाठी सोडियम बेन्झोएट घातलेले असेल, तर त्याने यीस्टचे काम अडते आणि बाटली कितीही वेळ ठेवली तरी मऊच राहते.