घासणी आठ दिवसांत का झिजते? भांडी घासताना या चुका टाळा

इंदौरात भंवरकुआंजवळ मी कोचिंगच्या पोरांचे डबे करते, रोजचे साठेक. एकेका डब्याचे तीन-तीन मजले आणि वर झाकण, शिवाय आमची कढई-पातेली वेगळी, म्हणजे दिवसाकाठी घासायला किती पडतं ते तुम्हीच मोजा. त्यामुळे घासण्यांच्या बाबतीत माझं डोकं जरा जास्तच चालतं आणि जास्तच तापतं पण. पोरं नवी रूम घेतली की विचारतात, काकू जास्त टिकणारा स्पंज सांगा ना कुठला तरी. मी सांगते, ती हो हो म्हणतात आणि महिन्याने तोच चिकट हिरवा लगदा सिंकमध्ये लोळत असतो.

पहिलं म्हणजे एकाच घासणीने सगळं घासणं. चहाचा कप, तेलकट कढई, कुकर, नॉनस्टिक तवा, सगळ्यांना एकच हिरवा स्क्रबर. मग तो बिचारा आठ दिवसांत चोथा होतो आणि बोलणी खातो दुकानदार. माझ्याकडे तीन असतात, खुंटीवर शेजारी शेजारी टांगलेले. काच, कप आणि डब्यांना मऊ, कढई-कुकरला हिरवा, आणि लोखंडी तवा किंवा जळकं बूड असेल तरच तार. तीन घासण्या म्हणजे तिप्पट खर्च असं वाटतं लोकांना, पण मला तीन मिळून जितके दिवस पुरतात तितक्या दिवसांत पोरं सहा पाकिटं संपवतात.

आता स्पंज साबणाच्या वाटीतच ठेवून देणं, यावर मात्र मी जरा लांबण लावणार आहे कारण यात मी स्वतः तोंडावर आपटले आहे. चारेक वर्षांपूर्वीचा पावसाळा. एक पोरगा म्हणाला काकू डब्याला वास येतोय. मी म्हटलं तुझ्या रूमला येत असेल. दोन दिवसांनी अजून दोघं, मग एका मुलीने तर डबा उघडून माझ्या नाकाखालीच धरला. वरण ताजं, डबा चकचकीत, आणि वास मोरीचा! आधी मी डाळीला दोष दिला, डाळ बदलली. मग टाकीला दोष दिला, टाकी धुवून घेतली, त्यात अर्धा दिवस गेला आणि आठशे रुपये गेले. मग भांडी घासणाऱ्या मावशींना बोलले, त्या रागावून दोन दिवस आल्याच नाहीत, तेव्हा साठ डबे मला घासावे लागले. घासून झाल्यावर रात्री हात नाकाशी गेला आणि कळलं. तोच वास हातांना. स्पंजचा.

तो स्पंज चोवीस तास साबणाच्या वडीच्या वाटीत पडलेला असायचा, खाली साबणाचं पाणी, वर उष्ट्याचे कण, पावसाळी हवा, कधी वाळलाच नव्हता बिचारा. आपण म्हणतो साबणात आहे म्हणजे स्वच्छ आहे. तसं काही नसतं. 2017 साली जर्मनीत संशोधकांनी लोकांच्या स्वयंपाकघरातले वापरलेले 14 स्पंज तपासले तर एकेका घन सेंटीमीटरमध्ये अब्जावधी जंतू निघाले, आणि जे लोक आम्ही स्पंज नियमित साफ करतो म्हणत होते त्यांच्याकडेही काही कमी भरले नाहीत. नीट न वाळलेल्या कपड्यांना जो कुबट वास येतो, तो देणारा जंतूही त्यात भरपूर होता. सगळेच काही आजारी पाडणारे नसतात, पण वास तर डब्यात उतरतोच. 2017 पासून सलग कित्येक वर्षं आपलं इंदौर स्वच्छतेत देशात पहिलं आलं म्हणून आपण मिरवतो आणि ओट्यावर ही परिस्थिती.

शिवाय वाटीत पडलेला स्पंज टिकतही नाही. वडीत साबणासोबत पांढरी भुकटी पण असते, ती विरघळत नाही, स्पंजच्या भोकांत जाऊन बसते, मग तो वाळायला अजून वेळ लागतो. स्क्रबर आणि स्पंज ज्या गोंदाने चिकटवलेले असतात तोही सतत ओला राहून सुटतो आणि दोन थर वेगळे होतात. पाकिटावर काहीही लिहिलेलं असू दे.

माझी सवय सांगते. भांडी झाली की घासणी वाहत्या पाण्याखाली फेस जाईपर्यंत पिळायची, मुरडायची नाही, मुठीत दाबायची. मग कपड्याच्या चिमट्याने खिडकीच्या जाळीला टांगायची. स्पंज घरी आणला की पहिल्याच दिवशी कात्रीने मधोमध अर्धा कापते, अर्धा हातात छान बसतो, लवकर वाळतो आणि एका पाकिटाची दोन होतात. मऊ स्पंज वास येवो न येवो तीन आठवड्यांनी भांड्यांतून निवृत्त, मग तो मोरी घासतो.

जंतू मारायला मायक्रोवेव्हमध्ये स्पंज फिरवायचा शॉर्टकट सगळ्यांना फार आवडतो. कोरडा स्पंज पेट घेतो त्यात, आणि तार असेल तर ठिणग्या उडतात. ज्याला स्पंज टांगायचा कंटाळा आहे तो हे सगळं नीट करेल असं मला तरी वाटत नाही, नवीन घ्या सरळ. आणि ब्लीचच्या पाण्यात व्हिनेगर टाकायचं तर कधीच नाही, विषारी गॅस होतो.

नॉनस्टिकला हिरवा स्क्रबर लावू नका. त्यात नायलॉनच्या धाग्यांवर सँडपेपरसारखी कणी चिकटवलेली असते, तवा घासला जातो म्हणजे खरंच घासला जातो.

कणकेची परात गरम पाण्याने आणि स्पंजने धुणाऱ्यांना मी हात जोडते. गरम पाण्याने कणीक शिजून अजून चिकटते आणि स्पंज कायमचा बाद. गार पाणी, बोटांनी चोळा, मग घासणी.

आता तार. आमच्याकडे हिंदीत हिला जूना म्हणतात. दहाला तीन मिळतात, करडी पांढरट, मोज्यासारखी विणलेली, हातात घेतली की अगदी हलकी. ही लोखंडाची असते, वरून जस्ताचा मुलामा. मुलामा चार-पाच दिवसांत निघतो, मग गंज, आणि मग तुटायला लागते. माझ्या नणंदेकडचे व्याही पहिल्यांदा आमच्या घरी आले होते सकाळी, आता इंदौरात सकाळी पाहुणा म्हणजे पोहे, वर शेव, जिरावन मसाला, सगळं साग्रसंगीत. दुसऱ्याच घासाला व्याही थांबले. तोंडातून हळूच काहीतरी काढलं आणि बशीच्या कडेला ठेवलं, बोलले काही नाहीत, फार सभ्य माणूस. मला वाटलं मिरचीचं देठ. जवळ जाऊन बघते तर अर्धा इंच तार, वाकडी, टोकाला गंजलेली. नणंदेने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ना, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. आदल्या रात्री कढईला पोह्यांचं बूड लागलं होतं आणि मी झोपायच्या घाईत तारेने रगडून, नीट न विसळता पालथी घातली होती. नशीब घशात नाही गेली.

त्या दिवसापासून नियम दोन. तार एकदा जरी तुटताना दिसली की बाहेर, अजून चालेल वगैरे नाही. आणि तारेने घासलेलं भांडं हात फिरवून विसळायचं, नुसतं नळाखाली धरायचं नाही.

घ्यायचीच तर स्टेनलेसची घ्या. चपट्या रिबिनीसारखी चकाकणारी तार, स्प्रिंगसारखी वळलेली, मुठीत दाबून सोडली की परत फुगते, वजनाला भरते. बर्तन बाजारात एकाने मला चुंबक लावून दाखवलं होतं, चिकटलं म्हणजे लोखंड, म्हणाला. हे खरं नाही. घासण्यांसाठी 410 किंवा 430 नंबरचं स्टेनलेस वापरतात आणि त्यालाही चुंबक चिकटतं, त्यामुळे चांगली घासणी तुम्ही उगाच परत ठेवाल. मी घरी आणून मिठाच्या पाण्यात बुडवते आणि रात्रभर स्टीलच्या बशीत ठेवते. सकाळी बशीत तपकिरी गोल उमटला तर ती लोखंडाची, अंगणातल्या कुंड्या घासायला. गोल नसेल तर स्वयंपाकघरात प्रवेश. चांगली निघाली तर सहा महिने सहज जाते, माझी एक वर्षभर गेली आहे.

पण चांगली तार मिळाली म्हणून सगळीकडे चालवायची नाही. सासूबाईंचं पितळेचं पातेलं होतं, आतून कल्हई केलेलं. नवीन ठेवलेल्या मुलीने मला खूश करायला ते आतून तारेने असं घासलं की पिवळंधमक चमकायला लागलं, तिला वाटलं मळ निघाला. निघाली होती कल्हई. कल्हई म्हणजे कथील, मऊ धातू, पातळ थर, तारेपुढे काय टिकणार. मला कळलं नाही, मी त्यात ताकाची कढी केली आणि कढी कळकली, हिरवट रंग आणि जिभेवर ती धातूची चव, सगळी फेकली. मग कल्हईवाला शोधणं आलं, आता ते रस्त्यावरून ओरडत कुठे येतात, दोन आठवडे हिंडले तेव्हा एक मिळाला. भट्टी, नवसागर, धूर, सगळं बघायला पोरं जमली होती. कल्हईच्या भांड्याला आतून हात आणि मऊ फडकं, बाहेरून चिंच, बस.

ॲल्युमिनियम काळं पडलं म्हणून राखेने आणि सोड्याने घासू नका, त्याने अजून काळं पडतं. चिंचेचं किंवा लिंबाचं पाणी उकळा त्यात.

बोरिंगचं पाणी वापरणाऱ्यांचं एक वेगळंच. नळाला नर्मदेचं पाणी एक दिवस आड, बाकी वेळ बोरिंग, आणि स्टीलच्या पेल्यांवर पांढरे डाग. हे डाग क्षाराचे, घासून जात नाहीत, पेल्यावर चरे पडतात आणि घासणी झिजते. लिंबाची पिळलेली साल आतून फिरवून पाच मिनिटं ठेवा, डाग आपोआप सुटतात. तसंच करपलेलं दूध. लोक तास तास रगडतात! पाणी घाला, दोन चमचे खायचा सोडा, उकळी आणा, रात्रभर तसंच राहू द्या. पण रात्रभर कोणाला थांबायचंय, सगळ्यांना दोन मिनिटांत हवं असतं आणि मग घासणी खराब निघाली म्हणतात.

माझी सगळ्यात आवडती घासणी विकत मिळणारी नाहीच. गच्चीवर गिलकीचा वेल आहे, म्हणजे तुमचं घोसाळं. दोन-तीन मुद्दाम काढायच्या नाहीत, वेलावरच तपकिरी होऊ द्यायच्या, हलवल्या की आत बिया वाजल्या पाहिजेत. मग साल सोलायची, बिया झटकून पुढच्या वर्षाला ठेवायच्या, जाळी धुवून वाळवायची आणि चार बोटं लांबीचे तुकडे करायचे. कोरडी असताना कडक लागते, पाण्यात गेली की मऊ पडते. काचेला, नॉनस्टिकला, डब्यांना एकदम छान. महिना-सव्वा महिना जातो एक तुकडा. हिरवी असतानाच तोडून वाळत घालणारेही भेटलेत मला, ती सडते, धीर धरा जरा. जळक्या कढईला मात्र हिचा उपयोग नाही, तिथे नारळाचा काथ्या.

टाकताना, गिलकी आणि काथ्या ओल्या कचऱ्यात, स्पंज-स्क्रबर सुक्यात. तार मोकळी टाकू नका, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून, वरून दोरा बांधून सुक्यात द्या, गाडीवरचे भाऊ हाताने निवडतात सगळं.