भटारखान्याचा गॅस आणि बॉयलरचं गरम पाणी: फॉर्म बी नंतर उरणारी कामं

मुंबईत खोल्या तापवायची वेळ कुणावर येत नाही. इथल्या व्यावसायिक इमारतीत गॅस जळतो तो मुख्यतः दोन जागी, भटारखान्यात आणि गरम पाण्याच्या बॉयलरखाली. २००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक कायद्यानुसार जानेवारीत आणि जुलैत परवानाधारक एजन्सीकडून फॉर्म बी घ्यावा लागतो. आग विझवण्याची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा तो दाखला. पण शेगडीमागची नळी घुशीने कुरतडली आहे का, हे त्यात कुठे लिहिलेलं नसतं. ते जागेवरच्या माणसानेच बघायचं.

आधी गॅस कोणता ते पक्कं करा, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं. सिलिंडरचा एलपीजी हवेपेक्षा दीड ते दोनपट जड. गळला की जमिनीवर पसरतो, मोरीत, गटाराच्या जाळीत, तळघरात जाऊन बसतो. पाइपचा पीएनजी म्हणजे बहुतांश मिथेन. तो हलका, वर जातो आणि फॉल्स सीलिंगच्या पोकळीत साठतो. म्हणून एलपीजीचा डिटेक्टर जमिनीपासून फूटभर उंचीच्या आत आणि पीएनजीचा छतापासून फूटभर खाली. सिलिंडर जाऊन पाइप गॅस येतो, शेगड्यांचे जेट (गॅस सोडणारी बारीक भोकाची पितळी तोंडं) बदलले जातात, पण डिटेक्टर जुन्या जागी जमिनीजवळच राहतो, असं बऱ्याच ठिकाणी दिसतं. दिवा हिरवा असतो, त्यामुळे कुणाला शंकाही येत नाही. शिवाय डिटेक्टर कोणत्या गॅससाठी कॅलिब्रेट केलाय तेही लेबलवर वाचा. सिलिकॉन स्प्रे किंवा सीलंटच्या वाफेने काही प्रकारच्या सेन्सरची संवेदना जाते, तेव्हा दर सहा महिन्यांनी कॅलिब्रेशन गॅसने तपासून घ्या. त्याच वेळी अलार्म वाजल्यावर सोलेनॉइड व्हॉल्व्ह (गॅस आपोआप तोडणारी विजेवरची झडप) खरोखर बंद होतो का, तेही बघा. नुसता भोंगा वाजून उपयोग नाही.

जेटचंही तसंच आहे. त्याच आकारमानाच्या पीएनजीपेक्षा एलपीजीत सुमारे अडीचपट उष्णता असते, म्हणून पीएनजीच्या जेटचं भोक मोठं. ते जेट एलपीजीवर चालवले की ज्योत लांब, पिवळी, काजळी धरणारी होते. तुंबलेलं जेट सुईने किंवा तारेने कोरायची सवय महाराजांना असते. पितळ मऊ, भोक मोठं होतं आणि ज्योत कायमची बिघडते. जेट काढून साबणाच्या कोमट पाण्यात भिजवा, हवेने फुंका. तरी साफ होत नसेल तर सरळ नवीन घाला.

सिलिंडर वापरत असाल तर हिशेब सोपा आहे. परवान्याशिवाय १०० किलोपर्यंत एलपीजी ठेवता येतो. १९ किलोचे पाच सिलिंडर म्हणजे ९५ किलो. सहावा आला की ११४, आणि तिथे पेसोचा (स्फोटक आणि ज्वलनशील पदार्थांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय संस्थेचा) परवाना लागतो. ‘जादाचे दोन’ पोटमाळ्यावर ठेवायची खोड मोडा. सिलिंडर उभेच, तळमजल्यावर, मोकळ्या हवेत, गटाराच्या जाळीपासून दूर. कडीवर आतल्या बाजूला एक अक्षर आणि दोन आकडे रंगवलेले असतात. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर. ‘सी २७’ म्हणजे पुढची चाचणी सप्टेंबर २०२७ पर्यंत व्हायला हवी. मुदत उलटलेला सिलिंडर ट्रकवरूनच परत करा.

दुपारच्या गर्दीत सिलिंडरला खालून पांढरं दव किंवा बर्फ धरतो आणि ज्योत बसते. ‘गॅस संपला’ असं म्हणत पोऱ्या त्यावर गरम पाणी ओततो, नाहीतर सिलिंडर आडवा करतो. मुळात गॅस संपलेलाच नसतो. आतल्या द्रवाची वाफ व्हायला उष्णता लागते, ती सिलिंडरच्या पत्र्यातून मिळते. एका १९ किलोच्या सिलिंडरमधून सलग ओढलं तर तासाला साधारण अर्धा-पाऊण किलोच वाफ निघते. त्याहून जास्त ओढलं की तो गारठतो. आडवा केला की वाफेऐवजी द्रवच नळीत शिरतो, आणि द्रवाचा गॅस झाला की सुमारे २५० पट फुगतो. मग बर्नरमधून भडका येतो. उपाय एकच: सगळ्या बर्नरचा तासाचा खप नेमप्लेटवरून किलोत जोडा, त्याला अर्ध्या किलोने भागा, तितके सिलिंडर मॅनिफोल्डवर (अनेक सिलिंडर जोडायच्या सामाईक पाइपवर) एका वेळी चालू हवेत. आकडा पाचापलीकडे जात असेल तर परवाना काढा किंवा पाइप गॅस घ्या.

आता गळती. काडी पेटवून बघणारे अजून आहेत, म्हणून सांगावं लागतं: काडी नको. लिटरभर पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-तीन चमचे हलकेच मिसळा, फेस होऊ देऊ नका. ब्रशने सांध्यांवर लावा. क्रम असा: सिलिंडरचा व्हॉल्व्ह, रेग्युलेटर, पिगटेलची (सिलिंडरपासून मॅनिफोल्डपर्यंतच्या छोट्या नळीची) दोन्ही टोकं, युनियन, कॉक आणि रबरी नळीची दोन्ही टोकं. प्रत्येक ठिकाणी मिनिटभर थांबा. मोठी गळती लगेच बुडबुडे काढते, बारीक गळतीत मात्र पांढऱ्या फेसाचा मोहरीएवढा पुंजका हळूहळू वाढतो. तो घाईत दिसत नाही. नंतर ओल्या फडक्याने पुसून घ्या, साबण धातूवर ठेवू नका. क्लॅम्पखालचा जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप मुद्दाम बघा. खाऱ्या हवेत तिथे पाणी अडकतं आणि पिवळ्या रंगाआड गंज चढतो. रबरी नळी दीड मीटरपेक्षा लांब नको, भिंतीतून नेलेली नको. तिच्यावरची तारीख पाच वर्षांच्या आतली हवीच, पण तंदूरजवळची नळी इतकं टिकत नाही. दुमडून बघा, बारीक चिरा दिसल्या की बदला. पावसाळ्यात उंदीर आत येतात, म्हणून जूनमध्ये स्टीलच्या वेष्टनाची नळी घातलेली बरी.

पीएनजी असेल तर मीटर हाच तुमचा फुकटचा परीक्षक. हॉटेल बंद झाल्यावर सगळे बर्नर आणि पायलट (बर्नर पेटवायला सतत जळणारी छोटी ज्योत) बंद करा, मुख्य कॉक उघडाच ठेवा, मीटरचा फोटो काढा. अर्ध्या तासाने पुन्हा काढा. शेवटचा आकडा हलला असेल तर पुढे कुठेतरी गळती आहे. मग एकेक फाट्याचा कॉक बंद करत जागा शोधता येते. तपासणी झाली की मुख्य कॉक बंद करून घरी जा. मीटरला आणि त्याच्या अलीकडच्या भागाला हात लावू नका, ते गॅस कंपनीचं काम.

बॉयलरकडे वळू. एसी भटारखान्यात किंवा सीलबंद सर्व्हिस रूममध्ये खरा धोका गळतीपेक्षा हवेचा असतो. एक घनमीटर पीएनजी जळायला सुमारे दहा घनमीटर हवा लागते, एलपीजीला त्याच्या अडीच ते तीनपट. वर मोठा एक्झॉस्ट चालू आणि आत हवा यायला जागाच नाही, अशा वेळी पंखा बॉयलरच्या चिमणीतून धूर उलटा खाली ओढतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो, वास नाही, रंग नाही. दुपारनंतर कामगारांचं डोकं दुखणं, मळमळणं, आणि बाहेर गेल्यावर बरं वाटणं ही त्याची खूण. चाचणी अशी: आधी गळती नाही याची खात्री करा. मग सगळी दारं लावून एक्झॉस्ट पूर्ण वेगात चालू करा, बॉयलर पाच मिनिटं पेटू द्या, आणि चिमणीच्या तोंडाशी असलेल्या मोकळ्या फटीजवळ पेटती उदबत्ती धरा. धूर आत ओढला गेला तर ठीक. तो तुमच्याकडे आला तर बॉयलर बंद करा, ताज्या हवेची जाळी उघडा. बहुतेक वेळा ती झुरळं येतात म्हणून कुणीतरी पुठ्ठ्याने बंद केलेली सापडते. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म नाकाच्या उंचीला लावा, कारण हा वायू जवळपास हवेइतकाच जड असतो.

पायलट विझवून बघा. मिनिटभराच्या आत ‘टक’ आवाज करून गॅस व्हॉल्व्ह बंद व्हायला हवा. झाला नाही तर व्हॉल्व्ह निकामी आहे, बदलेपर्यंत बॉयलर पेटवू नका.

टाकीतलं पाणी ६० अंशांवर ठेवा. गॅस वाचवायला थर्मोस्टॅट ४५ वर आणला की लेजिओनेला (न्यूमोनिया करणाऱ्या) जंतूंना आवडणारं ऊबदार पाणी तयार होतं. पाहुण्याचा हात भाजू नये म्हणून नळाजवळ मिक्सिंग व्हॉल्व्ह लावा, टाकी थंड करू नका. सेफ्टी व्हॉल्व्हची दांडी महिन्यातून एकदा उचला. तो सतत ठिबकत असेल तर एक्सपान्शन टाकीतली (तापून फुगलेल्या पाण्याला जागा देणाऱ्या छोट्या टाकीतली) हवा तपासा. ठिबक थांबवायला त्याच्या तोंडाला बूच कधीही मारू नका. क्षारांचं म्हणाल, तर महापालिकेचं तलावाचं पाणी मृदू असतं. पण टँकरचं किंवा बोअरचं पाणी आत गेलं की टाकी किटलीसारखी गुडगुडू लागते आणि गॅसचं बिल चढतं. साचलेले क्षार सायट्रिक ॲसिडने काढा. स्टेनलेस टाकीत हायड्रोक्लोरिक वापरू नका, पत्र्याला बारीक भोकं पडतात. इडली किंवा लाँड्रीसाठी वाफेचा बॉयलर असेल तर हे पुरेसं नाही, तो आपल्याकडे बाष्पके संचालनालयाच्या तपासणीत येतो का, ते आधी विचारून घ्या.

वास आला तर: ज्योती विझवा, मुख्य कॉक बंद, माणसं जिन्याने बाहेर. दिव्याचं बटण चालूही करू नका, बंदही करू नका, एक्झॉस्टचंसुद्धा. फोन बाहेर जाऊन करा: अग्निशमन दल १०१, एलपीजीसाठी १९०६, पाइप गॅससाठी बिलावर छापलेला आपत्कालीन नंबर. सिलिंडरच्या तोंडाशीच जाळ असेल आणि व्हॉल्व्ह बंद करता येत नसेल तर तो जाळ विझवू नका, न जळलेला गॅस पसरणं त्याहून वाईट. गॅस परत सोडण्याआधी प्रत्येक बर्नरचा कॉक बंद आहे हे एकाच माणसाने स्वतः फिरून बघायचं. ‘बंद आहे रे’ असं ओरडून सांगितलेलं धरायचं नाही.